आपला ‘फॉल’ फाल्गुनात!

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या मित्रमंडळींचे ‘फॉल कलर्स’चे फोटो धडाधड येऊन आदळतात. लालबुंद मेपल, पिवळेधमक बर्च... आणि आपण इथे ऑक्टोबर हीटमध्ये घाम पुसतोय! पण मंडळी, जळायचं कारण नाही. आपल्याकडेही फॉल असतो. फक्त तो फाल्गुनात येतो आणि पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात सॉलिड रंगतो.

तिकडे दिवस लहान होतात, थंडी पडते, म्हणून पानं गळतात. इकडे कारण पाण्याचं. पाऊस थांबून चार-पाच महिने झाले की जमिनीतली ओल आटते आणि साग, ऐन पानं टाकून पाणी वाचवायला लागतात.

तर कधी काय बघाल? जानेवारी-फेब्रुवारीत सागाची पानं तपकिरी होऊन गळायला लागतात आणि बिनपानांच्या काटेसावरीवर लाल फुलं येतात. फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्चमध्ये पळस पेटतो. मार्च-एप्रिलमध्ये खरा हीरो एण्ट्री घेतो, तो म्हणजे कुसुम. अख्खं झाड लालभडक! गंमत म्हणजे ही गळणारी पानं नव्हेत, ही नवी पालवी. मेपलला लाल करणारं अँथोसायनिन इथे कोवळ्या पानांत असतं. तिकडचा लाल निरोपाचा, आपला बारशाचा.

कुठे जाल? जव्हारजवळच्या शिरपामाळापासून सुरुवात करा. १६६४च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले होते, असं सांगतात. जव्हारच्या राजाने त्यांच्या जिरेटोपात शिरपेच खोवला, म्हणून हा शिरपामाळ. मग मोखाडा, खोडाळा करत सूर्यमाळ गाठा. सकाळी लवकर निघा, दुपारी ऊन चांगलंच भाजतं.

आता एक गोष्ट मनावर घ्या. आपल्याला जो फोटोजेनिक पाचोळा वाटतो, तो इथल्या शेतकऱ्याच्या कामाचा. पालापाचोळा, फांद्या, शेण रोपवाटिकेच्या जागेवर पसरून भाजायचं, याला ‘राब’ म्हणतात. मग पावसाळ्यात त्याच जागी भात-नागलीची रोपं उगवतात. मार्च-एप्रिलमध्ये गळणारी मोहाची फुलंही घराघरांत वेचून वाळवली जातात. वाळल्या रानात एक सिगारेट टाकलीत, तर वणव्यात हे सगळं जाईल.

पाण्याचंही तेच. इथे धो धो पाऊस पडतो, पण उतारावरून वाहून जातो. उन्हाळ्यात पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी पायपीट असते. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कितीतरी कुटुंबं होळीला घरी येतात, नेमकी तुमच्या वीकेण्डच्या सुमारास. तेव्हा पाण्याचा कॅन डिकीत घरूनच टाका, पाड्यावरच्या विहिरीवर भार नको. जेवण मात्र तिथेच घ्या, आधी सांगून आणि पैसे देऊन. नागलीची गरम भाकरी आणि जी भाजी असेल ती, मस्त लागते.

कॅलेंडर काढा, होळी बघा आणि बॉसकडे आत्ताच रजा टाका!