खुबा बदलला म्हणून सायकल सुटली का?

तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटात सायकलची सद्दी अजून संपलेली नाही. ट्रक-टेम्पोंच्या रांगा लागतात, रिक्षा अडून बसते, पण सायकलवाला दोन ट्रकांच्या मधल्या फटीतून निघून जातो. चहावाला हँडलला किटली अडकवून एका मार्केटातून दुसऱ्या मार्केटात पोहोचतो. पेढीवरचे जुने मेहताजी, वॉचमन, माथाडी कामगार, यांतले कितीतरी जण तुर्भे गाव, कोपरखैरणे, सानपाडा इथून सायकलनेच येतात. १९८१ साली कांदा-बटाटा बाजार मुंबईहून इथे आला. १९९० च्या दशकात मसाला, धान्य, फळं आणि भाजीपालाही आला. त्या वेळी तिशीत असलेली माणसं आज साठी-सत्तरीला पोहोचली आहेत, आणि त्यांचे गुडघे व खुबे आता बोलू लागले आहेत.

खुब्याची झीज एका दिवसात होत नाही. आधी जांघेत दुखतं, मग मोजे घालताना, मांडी घालताना त्रास होतो, शेवटी चालताना लंगड येते. वर्षानुवर्षे जड ओझी उचलणाऱ्यांमध्ये ही झीज जास्त आढळते. काहींच्या खुब्याच्या गोळ्याला रक्त मिळेनासं होतं आणि तो चाळिशीतच खचतो. स्टेरॉईडची औषधं आणि दारू ही त्यामागची ठळक कारणं आहेत. काहींचं हाड पडून मोडतं. औषध आणि व्यायामाने भागलं नाही की खुबा बदलण्याची वेळ येते. झिजलेला गोळा आणि वाटी काढून धातू, सिरॅमिक आणि खास प्लॅस्टिकचा सांधा बसवतात. इंग्लंडमध्ये सर्जन जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास या शस्त्रक्रियेला आजचं रूप दिलं. २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार १०० पैकी सुमारे ५८ कृत्रिम खुबे २५ वर्षं टिकतात. म्हणजे साठीत बसवलेला खुबा बहुतेकांना जन्मभर पुरतो.

ऑपरेशन नीट झालं, टाके निघाले, काठी सुटली, की घरात वाद सुरू होतो. म्हातारा माणूस सायकलकडे बघतो आणि घरचे एका सुरात म्हणतात, “आता सायकल विसरा.”

आमच्या घरीही हेच झालं. अब्बांची उभी हयात मसाला मार्केटात गेली. उजवा खुबा बदलला तेव्हा त्यांचं वय ६६ होतं. ऑपरेशननंतर दोन महिने ते मुकाट राहिले. तिसऱ्या महिन्यात कुरबुर सुरू झाली. पेढीवर जायचं तर मुलाने स्कूटरवर सोडायचं, नाहीतर रिक्षा. मुलाला वेळ नसला की अब्बा घरीच. अम्मी म्हणाल्या, “माणूस पायाने बरा झाला, पण मनाने बसला.” हे बोलणं आमच्या मनाला लागलं. सायकल म्हणजे अब्बांसाठी व्यायाम नव्हता. कुणाला न विचारता घराबाहेर पडण्याची मुभा होती.

म्हणून आम्ही सर्जनला आणि फिजिओथेरपिस्टला सरळ प्रश्न विचारला, की सायकलमध्ये नेमका धोका कशात आहे? पायडल मारण्यात धोका जवळपास नाही. शरीराचं वजन सीटवर पडतं, खुब्यावर दणका बसत नाही. संथ सायकल चालवताना खुब्यावर चालण्यापेक्षाही कमी भार येतो. अमेरिकन सायकलपटू फ्लॉइड लँडिस २००६ ची ‘टूर द फ्रान्स’ खचलेला खुबा घेऊन धावला होता. त्याच वर्षी त्याच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली आणि २००९ मध्ये तो पुन्हा शर्यतीत उतरला. उत्तेजक द्रव्यामुळे त्याचं विजेतेपद काढून घेण्यात आलं, ती गोष्ट वेगळी. खुब्यापुरता धडा एवढाच, की पायडल मारणं या सांध्याला सोसतं.

धोका आहे तो चढण्यात, उतरण्यात आणि पडण्यात. आपल्याकडचा माणूस एका पायडलवर पाय ठेवून चार पावलं सायकल पळवतो आणि मागून टांग टाकतो. उतरताना चालत्या सायकलवरून उडी मारतो. त्या क्षणी सगळा भार एका पायावर असतो आणि दुसरा पाय पिळवटून हवेत फिरतो. नव्या खुब्याला हेच नको असतं. पडलं तर सांधा निखळू शकतो, किंवा बसवलेल्या दांडीभोवतीचं हाड मोडू शकतं. ते दुरुस्त करणं पहिल्या ऑपरेशनपेक्षा अवघड असतं.

दुसरी एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. सायकलवर सरळ बसलं आणि सीट योग्य उंचीवर असली, तर मांडी सहसा काटकोनापर्यंत वर येत नाही. पण पेढीवरच्या गादीवर बसलं तर येते. बुटक्या स्टुलावर बसून वुजू करताना येते. देशी संडासात तर येतेच. खुबा मागच्या बाजूने उघडून ऑपरेशन केलं असेल तर सुरुवातीचे ६ ते १२ आठवडे काटकोनापेक्षा जास्त वाकणं, पायावर पाय टाकणं, पाय आत वळवणं वर्ज्य असतं. ऑपरेशन पुढच्या बाजूने झालं असेल तर पथ्यं वेगळी असतात. तेव्हा आपलं ऑपरेशन कोणत्या पद्धतीचं आहे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावं. ज्या घरात सायकलला मनाई आणि जमिनीवरच्या दस्तरखानाला परवानगी असते, तिथे पथ्याची उलटापालट झालेली असते.

आमच्या घरी वुजूसाठी बेसिनपाशी उंच खुर्ची आली, पाय धुवायला लांब दांड्याचा मग आला, संडासात कमोडवर उंचवटा बसला. नमाज खुर्चीवर सुरू झाली. उभं राहता येत नसेल त्याने बसून नमाज पढावी, ही सवलत दीनमध्येच आहे, त्यात कमीपणा नाही. खुर्ची मात्र उंच आणि हातांची असावी. मशिदीतल्या बुटक्या प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठताना माणूस पुढे फार झुकतो. जमिनीवर सजदा पुन्हा करता येईल का आणि केव्हा, हे ज्याने ऑपरेशन केलं त्या सर्जनलाच विचारावं.

मग सायकलची तयारी. पहिली पायरी चालण्याची. काठीशिवाय, लंगड न येता अर्धा तास चालता यायला हवं. भिंतीला हात लावून ऑपरेशनच्या पायावर १० सेकंद उभं राहावं. दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकत असेल तर खुब्याचे स्नायू अजून कच्चे आहेत. सायकल थांबवे.

दुसरी पायरी जागेवरच्या सायकलची. ती फिजिओथेरपीच्या केंद्रात असते. बऱ्याच रुग्णांना काही आठवड्यांतच त्यावर बसवतात. सीट उंच, ओढ शून्य, वेळ ५ ते १० मिनिटं. पूर्ण फेरा जमत नसेल तर आधी उलटं पायडल मारावं. रोज थोडा वेळ वाढवावा, ओढ मात्र घाईने वाढवू नये. जांघेत टोचलं की थांबावं.

तिसरी पायरी रस्त्याची. साधारण ६ ते १२ आठवड्यांनंतर परवानगी मिळते. वय जास्त, हाडं ठिसूळ किंवा तोल कच्चा असेल तर आणखी थांबावं लागतं. अब्बा चौथ्या महिन्यात रस्त्यावर आले. गुंगी आणणारं वेदनाशामक सुरू असेल तर सायकल नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना पडणं अधिक घातक ठरतं, तेही डॉक्टरांना विचारून घ्यावं.

आता सायकल कोणती? इथे आमच्या घरी खरं युद्ध झालं. अब्बांची सायकल जुनी, काळी, उंच, मधे आडवी दांडी असलेली. तिच्यावर टांग टाकल्याशिवाय बसता येत नाही. बिनदांडीची घ्या म्हटलं तर अब्बा कडाडले, “लेडीज सायकल? मार्केटात लोक हसतील!” शेवटी फिजिओथेरपिस्टनेच समजावलं, “चाचा, हॉलंडमध्ये म्हातारे पुरुष अशीच सायकल चालवतात. हसणारा तुम्हाला उचलायला येणार नाही.” त्यानंतर अब्बा गप्प झाले. आठवड्याभराने नातवाला घेऊन स्वतःच दुकानात गेले आणि बिनदांडीची, लहान चाकांची सायकल घेऊन आले.

चढण्याची रीतही नव्याने शिकावी लागली. दोन्ही ब्रेक दाबून धरायचे, सायकल आपल्या बाजूला थोडी कलती करायची, पाय पुढून आरपार न्यायचा, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असतानाच सीटवर बसायचं. सीट फार खाली असली तर मांडी वर येते, फार उंच असली तर थांबताना पाय पुरत नाही. दोन्ही चवडे टेकतील इतकी ठेवावी. थांबताना चांगल्या पायाकडे झुकावं. सायकल पूर्ण थांबल्याशिवाय उतरू नये. हे सगळं अब्बांनी इमारतीच्या आवारात दोन आठवडे केलं, रस्त्यावर न जाता.

आणि मार्केट? मार्केटची गल्ली ही शिकण्याची जागा नाही. पहाटे भाजीच्या गाड्या खाली होतात तेव्हा रस्त्यावर कोबीची पानं, कांद्याची टरफलं, सांडलेलं पाणी असतं. पावसात त्यावर ट्रकचं ऑइल पसरतं. धडधाकट माणूस घसरतो, तिथे नव्या खुब्याची काय कथा! मागे येणाऱ्या ट्रकचालकाला जवळचा सायकलवाला दिसत नाही, हेही लक्षात असू द्यावं. सुरुवात सेक्टरमधल्या आतल्या, सपाट रस्त्यांवर, सुटीच्या सकाळी करावी. पाम बीच रोड मोह पाडतो, पण तिथे गाड्या भरधाव असतात. फटीतून सायकल काढण्याचं जुनं कसब आता सोडून द्यायचं. गर्दीत उतरून सायकल हातात धरून चालायचं. अब्बा आज पेढीपर्यंत जातात, पण गर्दी ओसरल्यावर, मोठ्या दरवाजाने, आणि पावसाळ्यात रिक्षाने.

ओझ्याची गोष्ट वेगळी. कृत्रिम खुब्याने सायकल चालवता येते, पण गोणी उचलता येत नाही. कॅरियरवर तांदळाचं पोतं किंवा हँडलला जड पिशव्या लावल्या की तोल जातो. ज्या माथाडी भावाचा खुबा बदलला आहे, त्याने पाठीवर पुन्हा ओझं घेऊ नये. घरच्यांनी त्याच्या हलक्या कामाची सोय आधी बघावी.

काही खुणांकडे मात्र डोळेझाक नको. पडल्यावर पाय आखूड किंवा वळलेला दिसला, जांघेत असह्य कळ आली, तर उभं करू नका, झोपवूनच दवाखान्यात न्या. पोटरी सुजून दुखली, दम लागला, तर त्याच घडीला न्या. जखमेतून पाणी आलं, ताप आला, तर घरगुती लेपात वेळ घालवू नका.

घरच्यांना आमची एवढीच विनंती आहे. “सायकल चालवू नका” म्हणायला एक क्षण लागतो. बिनदांडीची सायकल शोधायला, दोन आठवडे आवारात शेजारी उभं राहायला, फिजिओथेरपिस्टकडे सोबत जायला वेळ लागतो. वडीलधाऱ्यांची खिदमत ती हीच. सर्जनने स्पष्ट नको म्हटलं तर ते ऐकावं. पण त्यांनी हो म्हटलं आणि आपण केवळ भीतीने माणूस घरात बसवला, तर बसून बसून स्नायू सुकतात, वजन वाढतं आणि तोल आणखी जातो. ज्यांचे खुबे दुखत आहेत, ज्यांचे बदलले आहेत, त्या सर्वांना अल्लाह तआला शिफा देवो, आणि त्यांच्या घरच्यांना सबुरी.