जॉइन झालं म्हणजे झालं?

मंडळी, सध्या बऱ्याच कंपन्यांत एकच लगीनघाई आहे: मायग्रेशन! विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता मशीन्स जुन्या डोमेनमधून काढून एन्ट्रा आयडीत, म्हणजे २०२३ पर्यंत आपण ज्याला अ‍ॅझुर एडी म्हणायचो त्यात, टाकायची. एक्सेलमधल्या 'जॉइन्ड' रकान्यात हिरवा रंग आला की सगळे खूश.

माझं भांडण त्या हिरव्या रंगाशी आहे.

जॉइन होताना मशीन किल्ल्यांची जोडी बनवतं. सार्वजनिक किल्ली डिरेक्टरीकडे जाते, खाजगी मशीनकडे राहते. 'हा लॅपटॉप आपलाच' ही ओळख त्या खाजगी किल्लीवर उभी असते. टीपीएम चिप धड असेल तर किल्ली चिपशी बांधली जाते, दुसऱ्या मशीनवर नेऊन चालत नाही. चिप नसेल किंवा बंद असेल तर विंडोज ती गुपचूप सॉफ्टवेअरमध्ये ठेवतं. जॉइन तरीही यशस्वी आणि रकाना तरीही हिरवा! म्हणजे दाराला भलंमोठं कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली. अ‍ॅडमिन अधिकार मिळवलेला चोर ती उचलून नेऊ शकतो. टीपीएम नसलेल्या मशीनमधून साइन-इन टोकनची किल्ली मिमिकॅट्झने काढता येते, हे संशोधकांनी २०२० सालीच दाखवलंय.

आता खरी गंमत बघा. जुनी डिस्क क्लोन करून नव्या लॅपटॉपात टाकली की जुनी नोंदणी सोबत येते, पण तिच्या किल्ल्या जुन्या चिपपाशीच राहतात. मग ८००९००१६ सारखे एरर येतात. एका व्हेंडरने यावर सांगितलेला उपाय मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय: "बायोसमधून टीपीएम बंद करा, जॉइन होऊन जाईल." होईल हो! पण हे म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. बिटलॉकरची रिकव्हरी की आणि एक लोकल अ‍ॅडमिन खातं हाताशी ठेवा. जुनी नोंदणी सोडा, गरज असेल तर टीपीएम क्लिअर करा, मग नव्याने जॉइन करा. मशीनमागे थोडा वेळ जातो, आणि नेमका तोच वेळ कोटेशनमध्ये धरलेला नसतो.

टीपीएम काही रामबाण नाही, मान्य. २०१७ मध्ये इन्फिनिऑनच्या चिप्समध्ये 'रोका' ही खोट सापडलीच होती, फर्मवेअर अपडेट करावं लागलं. मशीनमध्ये घुसलेला व्हायरस तिथे बसून चिपला कामाला लावू शकतो, हेही खरं. पण किल्ली खिशात घालून पळणं आणि घरात बसून राहणं यात फरक आहे की नाही?

तेव्हा रकाना बदला राव. कमांड प्रॉम्प्टवर डीएसरेगसीएमडी /स्टेटस चालवा आणि 'टीपीएमप्रोटेक्टेड' समोर काय येतं ते बघा. 'येस' असेल तरच हिरवा रंग द्या. 'नो' असेल तर ते मायग्रेशन झालेलं नाही, फक्त बिल झालंय :-)