पवळाबाईंचे काय करायचे?

गेल्या पंधरवड्यात आमच्या घरात एक वाद झाला. तो अजून मिटलेला नाही, म्हणून वाचकांपुढे ठेवतो.

आमची पुतणी पुण्यात शिकते. अभ्यासाबरोबर ती ‘कंटेम्पररी डान्स’ शिकते एवढे आम्हांला ठाऊक होते. सुट्टीत घरी आली तेव्हा तिने ओट्यावर आपला एकटीचा नाच करून दाखविला. घुंगरू नाही, गाणे नाही. एसटी स्टँडवर उभी असलेली एक मुलगी, एवढाच विषय. पिशवी छातीशी घट्ट धरलेली, ओढणी पुन्हापुन्हा सारखी करणारा हात, बाकाच्या अगदी कडेला टेकलेले अंग. मग त्याच हालचाली हळूहळू मोठ्या होत जातात, पिशवी गळून पडते, हात पसरतात, आणि शेवटी ती बाकाच्या मधोमध पाय सोडून ऐसपैस बसते. दहा मिनिटांचा सारा खेळ. हे तिला खऱ्याखुऱ्या स्टँडवर, लोकांच्या देखत करायचे आहे.

आमचे थोरले बंधू उठून आत गेले आणि तेथूनच म्हणाले, “बाबासाहेबांनी आपल्या बाया नाचातून सोडवल्या, अन् तू चौकात नाचायला निघालीस?”

बंधूंचे बोलणे उडवून लावण्यासारखे नाही. त्यामागे आपल्याच जिल्ह्यातली एक बाई उभी आहे. संगमनेरहून पुण्याकडे निघाले की हिवरगाव पावसा लागते. आज हे गाव लोकांना टोलनाक्यामुळे माहीत आहे. याच गावात १८७० साली एका महार कुटुंबात पवळाबाई भालेराव जन्मल्या. घरच्यांनी त्यांना खंडोबाला मुरळी म्हणून वाहिले. पुढे त्या तमाशात आल्या. तोवर फडात बाईचे काम साडी नेसलेला नाच्या पोऱ्या करीत असे. तमाशाच्या बोर्डावर उघडपणे नाचणारी पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंचे नाव घेतले जाते. रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच शाहीर पठ्ठे बापूराव, यांच्याबरोबर त्यांची जोडी महाराष्ट्रभर गाजली. लोक त्यांना नामचंद पवळा म्हणत.

आता जरा काळ पाहा. सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला, आणि तरीही १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. त्याआधी कितीतरी वर्षे पवळाबाई भर गर्दीत बोर्डावर उभ्या होत्या. ज्या गावाने त्यांना विहिरीवर घडा बुडवू दिला नसता, ते गाव त्यांना पाहायला लोटत होते. सार्वजनिक जागा त्यांना मिळाली ती एवढ्याच कामापुरती.

पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा महार स्त्रियांना नाचवून मिळालेला पैसा मला नको, अशा अर्थाचे उत्तर देऊन बाबासाहेबांनी ते नाकारल्याचे सांगतात. पुढे १६ जून १९३६ रोजी मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्या सभेत त्यांनी या भगिनींना तो जीवनक्रम सोडण्यास सांगितले. पोट कसे भरायचे ते तुमचे तुम्ही शोधा, पण यातून बाहेर पडा, इतके ते सडेतोड बोलले. आमच्या आजीच्या पिढीने ते ऐकले, म्हणून आमच्या घरात मुली शाळेत गेल्या. बंधूंचा राग या घडणीतून आलेला आहे.

पण बाबासाहेबांनी नाकारला तो पैसा. पवळाबाईंना नाकारण्याचे काम आपण केले. बापूरावांच्या नावाचा चित्रपट १९५० साली निघाला. पवळाबाई १९३९ सालीच गेल्या होत्या. आपल्या सभांत बापूरावांचा किस्सा अभिमानाने सांगितला जातो, पण ज्यांच्या पायांवर ते उत्पन्न उभे राहिले त्या बाईचे नाव त्यात येत नाही. जणू लाज विकत घेणाऱ्यांची नव्हे, तिचीच.

याच जिल्ह्यातल्या पोहेगावच्या आणि येरवड्याच्या वस्तीत वाढलेल्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी २०२२ साली तमाशातील दलित स्त्रियांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. २०२४ साली त्यांना अमेरिकेची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. अश्लील कोणाला ठरवले जाते आणि त्यातून माणुसकी मिळवण्यासाठी या स्त्रिया काय काय करतात, हा त्यांचा प्रश्न आहे. तो आपल्या घराघरांतला आहे.

पुतणीने आम्हांला इसाडोरा डंकनचे नाव सांगितले. पवळाबाईंहून सात वर्षांनी लहान असलेली ही अमेरिकन बाई बूट काढून अनवाणी, एकटी नाचली आणि नव्या नृत्याची जननी ठरली. आमच्या मनात आले, पवळाबाईंना काढायला बूट होते कुठे? इसाडोराने आपला नाच निवडला. पवळाबाईंचा नवस दुसऱ्यांनी बोलला होता. फरक आम्हांला येथे दिसतो. पुतणीला कोणी वाहिलेले नाही, तिच्या नाचाला तिकीट नाही, आणि बाकावर कसे बसायचे ते ती स्वतः ठरवते.

तरी आम्ही तिला आमची शंका सांगितली. नाव इंग्रजी ठेवल्याने पाहणाऱ्याची नजर बदलत नाही. स्टँडवर शिट्टी मारणाऱ्याला यातले काय कळणार?

ती म्हणाली, “काका, शिट्टी तर आम्ही नुसत्या उभ्या राहिलो तरी येते.”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. बंधूंनी अजून होकार दिलेला नाही. पुतणीला नाच करण्याआधी एकदा हिवरगावला जाऊन यायचे आहे. परवा जेवताना बंधूंनी कोणाकडेही न पाहता विचारले, तेथे एसटी थांबते की संगमनेरला उतरावे लागते?