चाचा चौधरी आणि उशिरा सुचलेले शहाणपण

व्यंगचित्रकार प्राणकुमार शर्मा ऑगस्ट 2014 मध्ये गेले आणि 2015 च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तोवर त्यांच्या चाचा चौधरीने चाळिशी ओलांडली होती. आर. के. लक्ष्मण यांना पद्मभूषण 1973 मध्येच मिळाले, आणि ते रास्तच होते. पण राजकीय व्यंगचित्र म्हणजे पत्रकारिता आणि चित्रपट्टी म्हणजे पोरखेळ, ही आपल्याकडची उतरंड या दोन सालांत उघडी पडते.

योगायोग असा, की लक्ष्मण यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता, तर प्राण यांनी दिल्लीत राहून त्याच जे. जे.चा अभ्यासक्रम बाहेरून केला. शाळेत ड्रॉइंग मास्तर होता यावे, एवढीच त्यामागची अपेक्षा. जोडीला राज्यशास्त्रातले एम.ए. होतेच.

मास्तरकी बाजूला राहिली. 1960 मध्ये दिल्लीच्या ‘मिलाप’ दैनिकात त्यांची ‘डाबू’ ही चित्रपट्टी सुरू झाली. तेव्हा वृत्तपत्रांत परदेशी पट्ट्यांची चलती होती, आणि त्यामागचा हिशेब साधा होता. एकच पट्टी शेकडो दैनिकांना विकली जाते, त्यामुळे प्रत्येकाला ती किरकोळ दरात पडते. स्थानिक चित्रकाराचे मानधन मात्र एकाच दैनिकाला सोसावे लागते. पुढे 1964 मध्ये सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून परदेशी पट्टीतला वेताळ मराठी घरांतही पोचला. अशा बाजारात प्राण यांनी नायक म्हणून आणला तो लाल पगडी, झुबकेदार पांढऱ्या मिशा आणि हातात काठी असलेला म्हातारा. ‘लोटपोट’ या हिंदी नियतकालिकातून हा चाचा चौधरी मुलांना भेटला.

त्या पानांवरची रेषा जाड आणि सोपी, मागचे देखावे जेवढ्यास तेवढे. गंमत पात्रांच्या मापात आहे. गुरू ग्रहावरून आलेला साबू एवढा धिप्पाड, की त्याच्या शेजारी चाचा गुडघ्याएवढा वाटावा. तरीही डोके चालवायचे चाचाने आणि हाणामारी करायची साबूने, ही कामाची वाटणी कधी बदलली नाही. घरी चाची बिनी लाटणे घेऊन तयार, दाराशी रॉकेट कुत्रा आणि ‘डगडग’ नावाचा जुनाट ट्रक. प्राण यांचा दुसरा नायक बिल्लू, त्याच्या कपाळावरची झुलपे तर अशी, की त्याचे डोळे वाचकाला दिसूच नयेत. हा विनोद मध्यमवर्गीय गल्लीतला. तो काही वेळा फारच बाळबोध होतो आणि गोष्टींचा साचा पुन्हा पुन्हा तोच येतो, हेही खरे. पण डायमंड कॉमिक्सच्या त्या स्वस्त पुस्तकांनी अनेक मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचायला लावले, हे काम थोडे नव्हे.

इंदिरा गांधींनी 1983 मध्ये प्राण यांच्या ‘रमन : हम एक हैं’ या राष्ट्रीय एकात्मतेवरच्या कॉमिकचे प्रकाशन केले होते. 2021 मध्ये चाचा चौधरी गंगा स्वच्छतेच्या ‘नमामि गंगे’ या सरकारी मोहिमेचा शुभंकर झाला. म्हणजे प्रचाराला कॉमिक्सची आठवण सरकारला अचूक होते, सन्मानाच्या वेळी मात्र ती उशिरा येते!

वृत्तपत्रांनीही फार ऐट मिरवू नये. मराठीत चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ 1991 मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला आणि वाचकांच्या घरातला होऊन गेला. 2012 मध्ये त्याच्यावर चित्रपटही निघाला. मराठी वाचकाला चित्रपट्टी नको असते, असे म्हणायला मग जागा कुठे उरते? चित्रपट्टीतले पात्र वाचकाच्या ओळखीचे व्हायला महिने लागतात. त्यामुळे नव्या चित्रकाराला चार चौकटी द्यायच्या, तर त्या रोज एकाच जागी, ठरलेल्या मानधनावर आणि निदान वर्षभरासाठी द्यायला हव्यात. जाहिरात वाढली की पहिली कात्री त्याच चौकटींना लागणार असेल, तर पोटापाण्यासाठी त्याने जाहिरात कंपनीची वाट धरली तर दोष कोणाला द्यायचा?