बाग करा, पण दमेकऱ्यालाही बसता येईल अशी

मंद्रूप ग्रामपंचायतीचे सरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी यांस,


गावात सर्वांसाठी एक बाग व्हावी आणि ती ग्रामीण रुग्णालयाच्या जवळ व्हावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र. दम्याचा पेशंट, बाळंतिणीसोबत आलेली आई, खेड्यातून एसटीने आलेले आजोबा, या साऱ्यांना टेकायला सावली हवी. म्हणूनच तिथली झाडे रोपवाटिकेत जे मिळेल त्यावरून ठरू नयेत.

झाड निवडताना त्याच्या फुलावर मधमाशी येते की नाही, हे आधी विचारावे. जिथे कीटक येतात तिथले पराग सहसा जड आणि चिकट असतात, हवेत फारसे उडत नाहीत. वाऱ्यावर विसंबणारी झाडे मात्र ढिगाने पराग सोडतात आणि ते नाकाडोळ्यांत जातात. झटपट हिरवे दिसते म्हणून शहरांत लावलेले कोनोकार्पस त्यातलेच. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपण ते आणूच नये. सप्तपर्णीचे पराग कीटक नेतात, पण फुलोऱ्याचा उग्र वास अनेक दमेकऱ्यांना सोसत नाही. रुग्णालयाजवळ तीही नको.

आपल्या काळ्या जमिनीत करंज उत्तम. ऐन उन्हाळ्यात नवी पालवी धरतो आणि शेळ्या त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. सोबत बहावा आणि आपटा असावा. फक्त दसऱ्याला आपटा ओरबाडला जाणार नाही हे बघायला हवे. आधीचे लिंब असतील तर तोडू नका. कडेने अडुळशाचे कुंपण घाला. जनावर त्याला तोंड लावत नाही आणि दाट वाढला की रस्त्याची धूळही अडवतो.

हिरवळीचा हट्ट मात्र सोडा. हरळीला पाणी भरमसाट लागते आणि कापणी चुकली की तीही फुलून पराग सोडते. त्याऐवजी मुरमाची वाट करा, आळ्यांत उसाचे पाचट घाला. ओल्या पाचटावर बुरशी धरते, म्हणून बाकांपासून ते लांब ठेवा. पालापाचोळा पेटवू नका, खड्ड्यात कुजवा. धुराने त्रास वाढत असेल तर परागांची काळजी घेऊन काय उपयोग?

पाण्याचा हिशेब सोपा आहे. जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 100 चौरस मीटर छपरावर म्हणजे सुमारे 55 हजार लिटर. गळती-बाष्पीभवन धरूनही बराच साठा टाकीत येईल. रोपाशेजारी मातीचे मडके पुरून ते भरत राहिले तर थोड्या पाण्यात उन्हाळा निघतो.

आणि गाजर गवत! 1955च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेले हे तण आज बांधाबांधावर आहे. त्याने अंगाला खाज सुटते, दमा उसळतो. ते फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटायला हवे. मोकळ्या जागी टाकळा वाढू दिला तर तो त्याला मागे रेटतो.

1 मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. खड्डे त्याच महिन्यात खणले तर पावसाळ्यात रोपे लागतील. पहिले तीन उन्हाळे पाणी घालायला पगारी माणूस कोण, त्याचे पैसे कुठल्या निधीतून, हे त्याच सभेत ठरवून ठरावात लिहावे. रोपे आणण्याचा खर्च त्यानंतर मंजूर करावा.

आपला,
मंद्रूपचा एक रहिवासी