न दिसणारा अडसर
भोपाळच्या समेकित क्षेत्रीय केंद्रात दिव्यांगांच्या पुनर्वसनाबरोबर वाचोपचारही होतात. तोतरेपणाची खरी अडचण मात्र उपचारकक्षाबाहेर, समाजाच्या नजरेत आहे. अडणारा शब्द टाळून माणूस दुसरा योजतो, म्हणून व्यंग झाकले जाते. स्वतःचे नाव मात्र बदलता येत नाही, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा नावाचाच असतो. तेथे अडखळणे म्हणजे घाबरटपणा किंवा अज्ञान ठरते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगत्वाचा समावेश आहे. पण ते कायमस्वरूपी, शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणाने आलेले आणि आरक्षणासाठी किमान ४० टक्के असावे लागते. गाताना मोकळी होणारी, मुलाखतीत अडणारी जीभ या मापात बसवणे कठीण. उत्तरासाठी दोन मिनिटे अधिक देण्यास मात्र कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही.