चाचणी कुठल्या रानात झाली, ते पण सांगा



साधारण खरिपाच्या आधी आपली चारही कृषी विद्यापीठं, राहुरी, अकोला, परभणी, दापोली, एकत्र बसतात. शास्त्रज्ञ मंडळी त्याला 'जॉइंट अ‍ॅग्रेस्को' म्हणतात. संशोधन मांडलं जातं, एकमेकांना उलटसुलट प्रश्न होतात, मग नवे वाण, अवजारं, शिफारशी मंजूर होतात. आपल्यापर्यंत काय येतं? वाणाचं नाव आणि हेक्टरी क्विंटल. बस्स. प्रश्नोत्तरं तिथंच राहतात, आणि माझ्या मते आपल्या कामाचं तेच असतं.

सोयाबीनचंच घ्या. फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६, हा राहुरी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज केंद्राचा वाण. सांगली जिल्हा, कृष्णाकाठ. तिकडं तांबेऱ्याचा त्रास मोठा, म्हणून तांबेऱ्याला तोंड देणारा वाण काढला. काम चोख झालं. पण पुढं तो मराठवाड्यात गेला, विदर्भात गेला, हलक्या रानातसुद्धा गेला. शंभर दिवस ओलांडणारं पीक, खाली मुरूम, आणि दाणे भरताना पावसानं दडी मारली की काय होतं ते इथल्या कुणाला सांगायला नको. वाणाचा दोष नाही. तो कुठल्या दुखण्यावर काढलाय, ही माहिती बियाण्याच्या पिशवीबरोबर आली नाही.

आकड्यांचंही तसंच. चाचणीचा प्लॉट लहान असतो. समजा १० चौरस मीटरचा आहे. तिथं १०० ग्रॅम दाणा जास्त निघाला की हेक्टरी हिशेबात तो एक क्विंटल होतो, एकरी ४० किलो! म्हणून तर प्रत्येक वाण तीन-चार प्लॉटांत परत परत लावतात आणि तक्त्याखाली 'सीडी' लिहितात. दोन वाणांतला फरक त्या आकड्यापेक्षा कमी असेल, तर तो फरक धरायचा नाही. कृषी पदवीच्या पोरांना हे पाठ असतं. आपल्याकडं येईपर्यंत सीडी गळून पडते आणि आपण पारावर अर्ध्या क्विंटलावरून भांडत बसतो.

आता जरा नाजूक विषय. टाकलं पण फरक पडला नाही, फवारलं पण खर्चही निघाला नाही, असले निष्कर्ष छापून आलेले फारसे दिसत नाहीत. शास्त्रज्ञांना सरसकट बोल लावणार नाही. बढतीत संशोधन लेखांना गुण असतात, जर्नललाही रेटिंग असतं, आणि 'काही फरक पडला नाही' हा लेख हौसेनं कोण घेणार? पण दुकानात बाटलीमागं बाटली हातात दिली जाते तेव्हा 'आम्ही तपासलं, उपयोग दिसला नाही' एवढं विद्यापीठाचं एक वाक्य आपला एकरी खर्च वाचवतं.

लेख इंग्रजीत छापा, हरकत नाही. फक्त मराठी शिफारशीखाली चार ओळी वाढवा. जमीन किती खोल, त्या हंगामात पाऊस किती, किती वर्षं चाचणी, सीडी किती. आणि हो, एकरी खर्च.

१८ मेला परभणी विद्यापीठाचा वर्धापन दिन, खरीप मेळावा, बियाण्याला रांग. रांगेत असाल तर स्टॉलवरच्या साहेबांना एवढंच विचारा. उत्तर मिळालं तर मलाही कळवा, आपल्या रानाच्या खोलीसकट.